वाकलेला रस्ता

"हा रस्ता इथं का वाकला?"

परीक्षकांची पेन्सिल पुठ्ठ्याच्या शहरावर थांबली. चांगुणाने तीन आठवडे खपून ते उभं केलं होतं. काड्यापेट्यांच्या इमारती, काळ्या पॉलिशपेपरचे रस्ते आणि वर उद्याच्या शहराची पाटी, 'सन दोन हजारचं नाशिक'. तंत्रनिकेतनाच्या दालनात स्पर्धेसाठी अशी चौदा शहरं मांडली होती. बाकीच्यांचे रस्ते दोरी धरल्यासारखे सरळ होते. हिचा मोठा रस्ता मात्र पाथर्डीच्या अंगाला आला आणि एकदम वळसा घालून गेला.

"सर, तिथली जमीन खचते," चांगुणा मान खाली घालून म्हणाली.

भिंतीशी उभा असलेला तिचा बाप, निवृत्ती, मान लांबवून पाहू लागला. वळशाच्या आत शर्टाचं एक बटण चिकटवलेलं होतं. सकाळी भाजीच्या पाटीत घालून हे शहर त्यानेच डोक्यावरून आणलं, तेव्हा त्याला ते कळलं नव्हतं. आता कळलं. ती त्याची विहीर होती. रस्ता त्याच्या मळ्याला वळसा घालत होता.

आणि पोर म्हणत होती, जमीन खचते. भावाने एकदा मळ्याला खडकाळ म्हटलं, तर निवृत्ती दोन वर्षं त्याच्या ओट्यावर चढला नव्हता.

परीक्षकांचं लक्ष त्याच्या टोपीकडे गेलं.

"बाबा, तुम्ही कुठले?"

"पाथर्डीकडचा, साहेब."

"मग तुम्हीच सांगा. खचते का तिथली जमीन?"

निवृत्तीने पोरीकडे पाहिलं. मेहुणा सावळीराम निफाडचं स्थळ घेऊन आला होता. "पोरीचा पयला नंबर आला तर ती पुढं शिकंल, नाय तर वैशाखात बार उडवू," असं निवृत्तीनेच चार माणसांत कबूल केलं होतं.

"लय खचती, साहेब," तो म्हणाला. "मागल्या साली आमचा बैल पोटापर्यंत रुतला. मातीच खोटी तिथली."

"वा! म्हणजे मुलीने जागेवर जाऊन पाहणी केली आहे." परीक्षक खूश झाले. पेन्सिल गुणांच्या कागदाकडे वळली.

"सर, थांबा." चांगुणा पुढे झाली. "दादा खोटं बोलतात. मीही खोटं बोलले. तिथं आमचा मळा आहे. माती सोन्यासारखी आहे. रस्ता सरळ काढला की आमची विहीर जाते. दोनदा काढून पाहिला, पण माझा हातच चालला नाही."

परीक्षकांनी पेन्सिल कागदावरून उचलली. मग म्हणाले, "मुली, इंजिनिअरचा हात चालावा लागतो." आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

पाच वाजता तीन नंबर पुकारले. तिन्ही दुसऱ्यांचे.

निवृत्तीने मुकाट्याने शहर पाटीत ठेवलं. जिना उतरताना मात्र त्याला राहवलं नाही. "चांगुणे, हातातला नंबर घालवला की गं! मी बोललो होतो ना सारं. तू गप ऱ्हायची."

"दादा, तुम्ही आपल्या मातीला खोटी म्हणालात," ती म्हणाली. "ते मला ऐकवलं नाही."

 डोक्यावरची पाटी निवृत्तीने उगाच सावरली.

फाटकाशी सावळीराम सायकल धरून उभा होता. आत कोटपँटवाले फार, म्हणून तो बाहेरच थांबला होता.

"काय दाजी, बांधलं का शहर?" तो हसला. "आला का नंबर भाचीचा? का कळवू निफाडला?"

निवृत्तीने पाटी खाली ठेवली. डोक्याची टोपी काढून झटकली, परत नीट घातली.

"आला," तो म्हणाला. "पयला आला."

या वेळी चांगुणाने त्याला खोटं पाडलं नाही.