चेप नसलेला तांब्या

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीकडे धरली. पाच वर्षांच्या गौराला पाजलेलं पांढरं औषध छातीच्या मध्यावर तुंबलं होतं. तिथून खाली उतरली होती फक्त सुतासारखी एक रेघ.

"अन्ननलिका आवळलीय. आतून भाजल्यासारखी. पण भाजणारं काही प्यायली असती तर ओठ, जीभ आधी भाजली असती. तिथं तर एकही वण नाही."

"धसका हाय तो, डाक्टर," सासूबाई म्हणाल्या. "आई हिला टाकून पुण्याला बीएच्या परीक्षेला गेली. आठ दिवसांनी आली, तवर पोर गिळायचं इसरली."

गौराची आई महादेवी लेकीचा हात धरून बसली होती. चार महिने ती हेच ऐकत होती, आणि खरं मानत होती.

गौरानं पाणी मागितलं. पेला हातात आल्यावर तिनं मान मागं टाकली आणि ओठ न लावता बारीक धार थेट घशात सोडली.

डॉक्टर बघतच राहिले. "हे कोणी शिकवलं?"

"मीच की!" सासूबाई म्हणाल्या. "आमच्यात भांडं उष्टं करत न्हाईत."

"घरात कॉस्टिक सोडा आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मागं शेडात. सूत उकळायला लागतंय. सैपाकघरात कशाला येतंय?"

महादेवी लेकीच्या कोरड्या ओठांकडे बघत होती. ती पुण्याहून परतली, तेव्हा पाण्याच्या घडवंचीवरचा पितळी तांब्या नाहीसा झाला होता. चेपला म्हणून माळ्यावर टाकला, असं सासूबाईंनीच सांगितलं होतं.

घरी येताच ती माळ्यावर चढली. तांब्याला कुठंच चेप नव्हता. आत तळाशी मात्र कॉस्टिकचा पांढरा थर सुकला होता.

तिनं तो चिंचेनं लख्ख घासला. दुपारी नवरा आणि सासूबाई जेवायला बसले, तेव्हा त्यांच्यादेखत घागरीतून भरून सासूबाईंच्या ताटाशी ठेवला.

"आडाचंच पाणी आहे, आत्याबाई. घ्या. वरून."

सासूबाईंनी तांब्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून भाकरीचा कोरडा तुकडा तोंडात घातला. तो उतरेना. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं.

"आई, पाणी घे की!" नवरा ओरडला.

तांब्याकडे गेलेला त्यांचा हात निम्म्यात थांबला आणि मागं आला.

महादेवीनं गौराला मांडीवर घेतलं, वाटीतली पेज चमच्याच्या टोकावर घेऊन फुंकली.

"धसका घेतलात, आत्याबाई?" तिनं विचारलं. "असू दे. संध्याकाळी पुन्हा ठेवते."