उलटी वाट

लग्नाला पाच वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. बस ड्रायव्हरची आई उठता-बसता सुनेला विचारायची, "देव सगळ्यांचं ऐकतो, मग तुझंच का ऐकत नाही गं?" सुनेच्या सगळ्या तपासण्या चांगल्या निघाल्या होत्या. ड्रायव्हर मान खाली घालून ऐकायचा. ऐन वेळी आपलं वीर्यच बाहेर येत नाही, हे तो कुठल्या तोंडानं सांगणार?

शेवटी बायकोसाठी तो मन घट्ट करून डॉक्टरांकडे गेला.

"वीर्य तयार होतंय," डॉक्टर म्हणाले, "पण ते उलटं मूत्राशयात जातंय, तुमच्या लघवीत सापडलं. मधुमेहानं, ऑपरेशननं, कधी एखाद्या औषधानं असं होतं. काही चालू आहे?"

"माझी लघवी अडायची, म्हणून वडिलांची प्रोस्टेटची गोळी. झाली की पाच-सहा वर्षं."

"आधी ती बंद करा, बहुतेक सुरळीत होईल. पण दुसऱ्याची गोळी अशी मनानं घेतात का हो?"




"मी कुठं घेतो, डॉक्टर? रोज सकाळी नातवासाठी देवाला हात जोडून झाले, की आईच भरवते."