पाऱ्याचं पार्सल

सकाळी साडेदहाला पार्सल खिडकीतून परत आलं.

"पारा टपालाने जात नाही," कारकूनबाई म्हणाली. "फुटला, सांडला तर बाकीच्या पार्सलांची वाट लागते. नियम आहे."

नियमकाकांनी मान डोलावली. उभी हयात बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेलेली. नियम म्हटला की मान आपोआप हलायची. मग ध्यानात आलं, पार्सल आपल्याच लेकीचं आहे. तिला आठवा महिना. रक्तदाब चढत होता आणि तिच्याकडचं बॅटरीचं यंत्र दर वेळी नवाच आकडा दाखवत होतं. म्हणून काकूंनी, जन्मभर नर्स राहिलेल्या बाईने, आपलं पाऱ्याचं जुनं यंत्र बाहेर काढलं होतं. लेकीने स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हा काकांनी घरात नियम घातला होता: तिने इकडे यायचं नाही, इथल्या कोणी तिकडे जायचं नाही. पार्सलला मात्र त्यांची हरकत नव्हती.

"वर 'कपडे' लिही," ते काकूंच्या कानाशी पुटपुटले.

"खोटं लिहू?"

"तेवढ्याने काय आभाळ कोसळतंय?"

"हे तुम्ही सांगताय? बिनतिकीट सापडला म्हणून माझ्या सख्ख्या भावाला भर उन्हात बसमधून उतरवलंत."

रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. काकांचे कान तापले.

काकूंनी खिडकीत डोकावून विचारलं, "हातात घेऊन गेलं तर चालतं ना हो?"

"खुशाल न्या. आमचा नियम टपालापुरता."

काकूंनी पार्सल काखोटीला मारलं. "ऐकलंत? एक नियम मोडल्याशिवाय हे पोचत नाही. सरकारचा मोडायची माझी छाती नाही. तुमचा मोडते."

"गेलीस तर बघ..."

"दोन्ही वेळचं जेवण झाकून ठेवलंय. गरम तेवढं करून घ्या."

काकूंनी रस्ता ओलांडला. समोरच्या थांब्यावर बस उभीच होती. ती सुटली, वळणावर दिसेनाशी झाली, तरी काका खिडकीशीच उभे होते. मग ते कारकूनबाईवर डाफरले.

"काय जात नाही त्याची पाटी लावायला काय होतं तुम्हाला? माणसाला उगाच हेलपाटा."

"काकूंना कशाला पाटी?" बाई शिक्का उचलत म्हणाली. "परवाच येऊन विचारून गेल्या, टपालाने काय काय जात नाही म्हणून. मी पाऱ्याचं नाव घेतलं, तर म्हणाल्या, बरं झालं."