पाखऱ्याची शेपटी

शेपटीपाशी येऊन शिवानीची पेन्सिल थांबली. कवटी झाली होती, बरगड्या झाल्या होत्या, पाय तर तिने दोनदा खोडून नीट केले होते. शेपटीला खरं तर फारसं डोकं लागत नाही. मोठ्याकडून लहानाकडे एकेक मणका काढत जायचं. पण इथे मधलेच दोन मणके एकमेकांना चिकटून त्यांची गाठ झाली होती. पुढचा मणका वाकडा होता. त्याच्या पुढे पुन्हा गाठ.

कल्याणच्या त्या कॉलेजचं प्राणिशास्त्राचं म्युझियम म्हणजे एक लांबट, कोंदट खोली. बरण्यांमध्ये पांढरेफटक पडलेले बेडूक, फॉर्मॅलिनचा नाकात चढणारा दर्प, आणि त्यावर हाडांत मुरलेल्या चरबीचा खवट वास. शिवानी डोंबिवलीत केमिकलच्या वासात वाढलेली मुलगी, तरी तिला तो सोसवत नव्हता. घरी गेल्यावर आधी आंघोळ, मग चहा. तरीही ती रोज येत होती. आजवर तिने गाइडांमध्ये बिननावाची चित्रं काढली होती. इथली चित्रं भिंतीवर कायमची लागणार होती, खाली तिच्या नावासकट.

सांगाडा पाखऱ्याचा होता. आंबिवलीकडच्या पंढरीशेठचा हा शर्यतीचा बैल. मेला तेव्हा शेठनी बँजो लावून त्याची मिरवणूक काढली आणि त्याला स्वतःच्या जागेत पुरलं. मग दोन वर्षांनी स्वतःच उकरून काढला आणि हाडं कॉलेजला दिली. गावाने त्यांना वेड्यात काढलं, बायकोने अबोला धरला, पण शेठ कोणाचं ऐकेनात.

"मॅडम, ही शेपटी अशी का?"

उत्तरा मॅडम विभागप्रमुख. त्यांनी चष्मा सारखा करत वाकून पाहिलं.

"मोडलेली आहे. शर्यतीत बैलाने जोर धरावा म्हणून पिरगाळतात, दातांनी चावतातसुद्धा. हाड मोडतं, जुळतं, पुन्हा मोडतं." हजेरी घ्यावी तसं त्यांनी हे सांगितलं.

शिवानीने वर पाहिलं. सांगाड्याच्या डोक्यावर फ्रेममध्ये फोटो होता. गुलालाने माखलेला पाखऱ्या, आणि त्याच्या गळ्यात हात टाकून कॅमेऱ्याकडे हसत बघणारे पंढरीशेठ. बोटाबोटांत अंगठ्या. गळ्यात पडणारा हात तोच आणि शेपटी मोडणारा हातही तोच. वर पुन्हा दानशूर म्हणून मिरवायचं. तिला त्या माणसाची शिसारी आली. त्यापेक्षा हाडांचा वास परवडला.

"मी आहे तशीच काढते," ती म्हणाली.

"अजिबात नाही. सरळ काढ."

"मॅडम, पण..."

"या सांगाड्याचं उद्घाटन त्यांच्याच हस्ते आहे. वरची नवी खोली तेच बांधून देतायत. भर कार्यक्रमात त्यांची अब्रू काढायची आहे का आपल्याला?"

"सांगाडा तर समोरच असणार ना?"

"शेपटीची बाजू भिंतीकडे करू. आणि हाडं कोण निरखतंय गं? लोक चित्र बघतात नि पुढे जातात." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "घोडा आहे, सांबर आहे, माकड आहे. सगळी चित्रं मला तुलाच द्यायची आहेत."

शिवानीने खोडरबर घेतला. गाठी पुसल्या, वाकडा मणका पुसला, आणि त्या जागी मोठ्याकडून लहानाकडे जाणारी देखणी, सरळ शेपटी काढली. चित्र सुरेख झालं. तेच तिला बघवेना. नळाखाली हात धुताना तिने मनाची समजूत घातली, की पाप त्याचं. आपण नुसती पेन्सिल चालवली.

उद्घाटनाला शाल झाली, नारळ झाला, प्राचार्यांचं लांबलचक भाषण झालं. पंढरीशेठ फोटोतल्यापेक्षा फार वाळले होते. अंगठ्या बोटांत सैल फिरत होत्या. शिवानीने लांबूनच नमस्कार केला. त्यांचा हात आपल्या डोक्यावर यायला नको, एवढंच तिला वाटत होतं.

"चित्र कुनी काढलं?" शेठनी विचारलं.

मॅडमनी कौतुकाने शिवानीला पुढे ढकललं. शेठ चित्राजवळ गेले. कवटीवरून त्यांचं बोट पाठीवर आलं, पाठीवरून सरकत शेपटीपर्यंत गेलं आणि तिथे थांबलं. टाळ्या वाजवायला तयार असलेले लोक ताटकळले. मग शेठ मागे फिरले आणि अंग चोरून भिंत नि सांगाड्याच्या मधल्या फटीत शिरले. तिथे वाकून त्यांनी ती गाठीगाठींची शेपटी दोन्ही हातांत धरली.

"यो माझा पाखऱ्या नाय गो," ते म्हणाले.

"शेठ, चित्रात थोडं इकडेतिकडे होतंच," मॅडम घाईघाईने हसल्या.

शेठनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते शिवानीकडे बघत होते. त्यांचे डोळे भरले होते.

"ही शेपटी या हातांनी मोडलीय मी, पोरी. ती सगल्यांना दिसावी म्हनून त त्याला मातीतून वर काढला."