वसिष्ठाशेजारी

"इथंही साखर कारखान्याचा उजेड पोचतोय. आणखी पुढं घे," मागं बसलेले तिचे यजमान म्हणाले. तिनं स्कूटर पुढं काढली.

टेकडी झाली, धरणाची भिंत झाली; त्यांना अरुंधती कुठूनच दिसली नव्हती. आता हे पठार. अरुंधतीची चांदणी दिसेनाशी झाली की माणूस सहा महिन्यांत जातो, असं सासूबाई म्हणायच्या.

पठारावर मिट्ट काळोख होता. सप्तर्षींत, वसिष्ठाशेजारी, अरुंधती तिला स्पष्ट दिसली.

"दिसली का गं?"

"नाही हो. मलाही नाही दिसत."

त्यांनी घाबरून तिचं मनगट धरलं. "असं बोलू नकोस! नीट बघ. लग्नात दाखवली होती ना, तिथंच असेल."

तिला हुंदका आवरेना. "आहे. दिसतेय."

"नक्की?"

"नक्की."

"मग झालं," म्हणत ते चाचपडत स्कूटरकडे वळले. "चल घरी."