रणात पडलेले

शारजातल्या आमच्या मंडळाचा वर्षातून एकदा मराठेशाहीचा दरबार भरायचा. शाळेचा हॉल, भाड्याचे फेटे आणि शेवटी लढाई. मंडळाच्या घटनेतला नियम पक्का होता. पडदा पडताना जो स्टेजवर उभा असेल तो दरबारी, आणि कमिटी निवडताना मत देण्याचा हक्क फक्त दरबाऱ्याला. लेबर कॅम्पातले चौदा जण दरवर्षी गनीम होऊन मरायचे.

अठ्ठ्याण्णव सालच्या तालमीत स्कॅफोल्डिंगवाला किसन म्हणाला, "सरनोबतसाहेब, सहा वर्षं मरतोय. यंदा आम्हालाही मत द्या."

सरनोबत म्हणजे कमिटीचे प्रमुख, एका कंपनीतले मॅनेजर रामेश्वर प्रधान. ते खेकसले, "मेलेल्याला कसलं मत? उद्या सरदारकी मागशील! घटना बदलणार नाही. खलास."

"नका बदलू," किसन म्हणाला.

प्रयोगाच्या दिवशी प्रधानांनी किसनच्या छातीवर पत्र्याची तलवार हाणली. तो हलला नाही. त्यांनी पुन्हा हाणली, जरा जोरातच. त्याच्यामागचे तेराही ताठ उभे राहिले. पब्लिक हसायला लागलं.

"मर ना, साल्या!" प्रधान दातओठ खात पुटपुटले.

"आज नाही."

"पडदा! अरे यल्ला, लवकर पडदा पाडा!" ते विंगेकडे बघून ओरडले.

पडदा पडला. किसनने छाती चोळत ढाल खाली ठेवली.

"आता घटनेप्रमाणे मोजा, साहेब. तुमचे नऊ उभे आहेत, आमचे चौदा."