सत्तरीची अट

सरकारने आरोग्य योजनेचा नियम बदलला. आता सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना मोफत उपचारांचं कार्ड मिळणार होतं. दिंडोशीच्या वनमालाबाई मात्र गुडघा चोळत बसल्या होत्या. ऑपरेशनचा खर्च झेपत नव्हता आणि चाळीचे दोन जिने उतरताना त्यांचा जीव जात होता.

"तुका अजून दोन वर्षं थांबूक व्हया गो," त्यांचे यजमान अनंतराव हळहळले. "माझी सत्तरी झाली, पण गुडघे ठणठणीत. कार्ड घेऊन काय करू?"

वनमालाबाईंनी कपाटातून आपलं आधारकार्ड काढून त्यांच्या हातात दिलं.

"अहो, रागावू नका. लग्न जमवताना बाबांनी माझं वय पाच वर्षांनी कमी सांगितलेलं. मी त्र्याहत्तरची आहे."

अनंतरावांनी कार्ड तीनदा वाचलं. सत्तेचाळीस वर्षं जिला लहान समजून शहाणपण शिकवलं, ती त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठी निघाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्डासाठी निघताना अनंतरावांनी जिन्यात बायकोपुढे हात धरला आणि ते अदबीने म्हणाले, "अहो, जरा सांभाळून उतरा."